दोन रेल्वे, एक गोवा आणि राज्याचा न दिसलेला हिशोब: वास्को-कुळे डबल ट्रॅकचं प्रकरण

गोव्यात रेल्वेचा विषय निघाला की पाच मिनिटांत तो कोळशावर येऊन थांबतो. वास्को-कुळे लाईनीला दुसरा ट्रॅक टाकायचा, म्हणजे डबल ट्रॅक, यावरून वाद: डबल ट्रॅक म्हणजे बंदरातून कर्नाटकात जाणारा कोळसा, ट्रॅक नको म्हणजे विकास नको, झालं, चर्चा संपली आणि भांडण सुरू. मी पेडण्याचा, नोकरी वेर्ण्याला, रेल्वे खात्याशी काही संबंध नाही, पण हे प्रकरण बरीच वर्षं वाचत आलोय आणि त्यातली एक गोष्ट मला कायम खटकते. या सगळ्या भानगडीत केंद्राची रेल्वे होती, बंदर होतं, कर्नाटकातले स्टीलवाले होते, गावातले लोक होते, पर्यावरणवाले होते, शेवटी सुप्रीम कोर्ट पण आलं, फक्त आपल्या राज्य सरकारचा स्वतःचा रेल्वेचा हिशोब, म्हणजे आमची माणसं किती, आमचा माल किती, तो कुठून कुठे जायला हवा, हा कागद काही मला लोकांपुढे ठेवलेला दिसला नाही. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट मांडूया.

आधी नकाशा, कारण गोव्याबाहेरच्या बऱ्याच जणांना वाटतं गोव्यात एकच रेल्वे आहे. दोन आहेत. एक कोकण रेल्वे, उत्तर-दक्षिण, पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण, लोलये अशी. ही कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची, ज्यात स्थापनेच्या वेळी रेल्वे मंत्रालयाचा ५१ टक्के हिस्सा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा-केरळचे ६-६. दुसरी पूर्व-पश्चिम, वास्कोहून दाबोळी, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदोर, सावर्डे, कुळे आणि तिथून दूधसागरवरून घाट चढून कॅसल रॉक, लोंडा. ही दक्षिण पश्चिम रेल्वेची, हुबळी डिव्हिजनची. दोन्ही लाईनी माजोर्ड्याला एकमेकींना भेटतात आणि तिथून मडगावपर्यंत सोबत जातात. म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटरचं एवढंसं राज्य, त्यात दोन वेगळ्या कारभाराच्या रेल्वे, दोन वेगळी हेडऑफिसं, एक नवी मुंबईत बेलापूरला आणि एक हुबळीला. पणजीत? पणजीला स्टेशनच नाही, करमळीला उतरा आणि बघा काय मिळतं ते.

यातली वास्कोची लाईन आपल्यासाठी कधीच नव्हती, हे आज नाही, पहिल्या दिवसापासून. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला, त्यातून मुरगाव बंदर आणि घाटातली मीटरगेज लाईन आली, १८८८ मध्ये ती घाटमाथ्यापर्यंत पूर्ण झाली. कल्पना अशी की दख्खनचा माल मुरगावला उतरेल. कंपनीला पोर्तुगीज सरकारने व्याजाची हमी दिलेली, माल काही अपेक्षेएवढा आला नाही (मुंबई बंदर कशाला सोडेल), आणि तोटा लिस्बनच्या खजिन्यातून भरत राहिले. पुढे भारताने गोव्याच्या केलेल्या १९५५ च्या नाकेबंदीत ही लाईन बंद पडली, मुक्तीनंतर परत सुरू झाली, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली. सव्वाशे-दीडशे वर्षं या लाईनीचा सगळा हिशोब घाटावरचा माल आणि खाली बंदर एवढाच, मधलं गोवा म्हणजे फक्त वाट.

कोकण रेल्वेच्या वेळीही तेच झालं, वेगळ्या तऱ्हेने. १९९० मध्ये कॉर्पोरेशन स्थापन झालं, जॉर्ज फर्नांडिस मंत्री, ई. श्रीधरन प्रमुख, आणि गोव्यात आखणीवरून जोरदार वाद पेटला. खाजन जमिनी (खाडीकाठी बांध घालून केलेली शेतं), दाट वस्ती, जुन्या गोव्याचा परिसर, करमळीचं तळं, यातून लाईन कशाला नेता, आतल्या तालुक्यांतून न्या, म्हणजे सत्तरी-डिचोली-सांग्याला पण रेल्वे मिळेल, असं आंदोलनवाल्यांचं म्हणणं. काम काही काळ थांबलं, न्यायमूर्ती ओझांचा आयोग बसला आणि शेवटी लाईन बहुतेक आधीच्याच आखणीने झाली. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. कोण बरोबर होतं यात मी पडत नाही, माझ्या पेडण्याला स्टेशन मिळालं म्हणून मला ती आखणी आवडते हे उघड आहे. पण तेव्हाही आखणी रेल्वेने आणली, विरोध लोकांनी आणला, आणि राज्य मधे उभं राहून दोघांकडे बघत होतं.

आता मुख्य प्रकरण

होस्पेट-हुबळी-लोंडा-वास्को ही साधारण साडेतीनशे किलोमीटरची लाईन डबल करायचं रेल्वेने ठरवलं, काम रेल्वेच्याच रेल विकास निगम या कंपनीकडे. कारण सरळ आहे. बळ्ळारी-तोरणगल्लूकडच्या स्टील कारखान्यांना कोळसा लागतो, तो जहाजाने मुरगावला उतरतो, मालगाडीने घाट चढतो, आणि उलट दिशेने स्टील खाली बंदरात येतं. कर्नाटकातल्या सपाट भागात काम पुढे सरकत गेलं. गोव्याच्या हद्दीत मात्र दोन गाठी होत्या, एक घाटातली आणि एक गावातली.

घाटाची गाठ आधी. कुळे ते कॅसल रॉक, पंचवीसेक किलोमीटर, चढ १ ला ३७, म्हणजे दर ३७ मीटरला १ मीटर वर. रेल्वेच्या हिशोबात हा भयंकर चढ आहे. कोळशाची पूर्ण मालगाडी म्हणजे ५८-५९ वाघिणी, साडेतीन-चार हजार टन माल, ती वर न्यायची तर कुळ्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, पुढची ओढतात, मागची ढकलतात, आणि गाडी अगदी संथ चढते. वर पोचल्यावर तीच इंजिनं सोडवून परत खाली आणायची, म्हणजे त्यांना पण लाईन मोकळी हवी. खाली येणाऱ्या गाड्यांना ब्रेकची तपासणी आणि वेगाची मर्यादा. हे एकदा डोक्यात आलं की कळतं, घाटात दुसरा ट्रॅक टाकला म्हणून क्षमता दुप्पट होत नाही, चढ तोच राहतो, बँकर तेच राहतात. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या केंद्रीय अधिकार समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात जवळपास हेच म्हटलं, की भगवान महावीर अभयारण्य आणि मोले नॅशनल पार्कमधून जाणारं हे काम पश्चिम घाटाची नासधूस करेल आणि रेल्वेच्या एका अत्यंत अकार्यक्षम भागाची क्षमता जेमतेम वाढवेल, त्यामुळे वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी मागे घ्यावी. ९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं, पर्यावरणाचा नीट अभ्यास करून नव्याने प्रस्ताव आणायचा दरवाजा मात्र उघडा ठेवला.

मला या निकालात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? हा हिशोब, म्हणजे जंगल किती जाणार आणि त्या बदल्यात क्षमता किती मिळणार, तो मांडायला गोवा फाउंडेशन या पर्यावरण संघटनेला कोर्टात जावं लागलं. राज्याकडे वन खातं आहे, वाहतूक खातं आहे, नियोजन खातं आहे, इंजिनिअर आहेत. हा साधा प्रश्न पहिल्याच फाईलवर विचारता आला असता, की बळ्ळारीला कोळसा पूर्व किनाऱ्यावरच्या कृष्णपट्टणम बंदरातूनही जातो, तिकडून सह्याद्री चढावा लागत नाही, मग माझ्याच घाटातून जास्त का?

आता गावातली गाठ. चांदोर, कासावली, वेळसांव, या भागात ट्रॅक घरांना खेटून जातो. खेटून म्हणजे खरंच खेटून, काही ठिकाणी घराच्या बाल्कांवात बसलं की मालगाडीची वाघीण मोजता येते, आणि घरं जुनी, लाल मातीच्या नाहीतर चिऱ्याच्या भिंतीची, गाडी गेली की काचा थरथरतात. एक ट्रॅक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवून घेतला, दुसरा अंगणात येतोय म्हटल्यावर लोक उठले. नोव्हेंबर २०२० च्या सुरुवातीला चांदोरला लेव्हल क्रॉसिंगवर रात्री काम होणार असं कळलं तेव्हा लोक हजारोंनी जमले आणि रात्रभर रुळांवर ठाण मांडून बसले, गाणी, घोषणा, सगळं, पहाटेपर्यंत. नंतर त्यातल्या काहींवर पोलीस केसेस पण झाल्या. पंचायतींनी विरोध केला तर रेल्वे बोट दाखवणार १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम ११ कडे, ज्यात रेल्वेला आपल्या कामासाठी इतर कायदे बाजूला ठेवून बांधकाम करायचे बरेच अधिकार दिलेत. कायद्याने ते बरोबर असेलही, पण ज्याच्या अंगणातून ट्रॅक जातो त्याला कलम सांगून तो शांत होतो असं मी तरी कुठे बघितलं नाही.

यात एक प्रश्न लोकांनी वारंवार विचारला, आणि तो फार नेमका प्रश्न आहे: दुसरा ट्रॅक झाल्यावर आम्हाला वास्को-मडगाव-कुळे लोकल किती वाढवून देणार? याचं बांधील उत्तर कोणाकडे नव्हतं. प्रवासी गाड्याही वाढतील, पर्यटनाला फायदा होईल, एवढं भाषणात येतं, पण टाईमटेबल कुठाय? प्रवाशांचं नाव सांगायचं आणि जागा मालगाडीला द्यायची, असं लोकांना वाटलं तर त्यात लोकांचं काय चुकलं.

पॅसेंजर कुठे अडते

गंमत बघा, गोव्यातल्या माणसाला जिथे दुसरा ट्रॅक हवाय तिथे तो नाही. रोज कामाला जाणारी माणसं कोकण रेल्वेच्या बाजूला आहेत. सावंतवाडी, बांदा, पेडणे, थिवी इथून वेर्णा औद्योगिक वसाहतीत जाणारे, पणजीच्या ऑफिसात जाणारे, बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) जाणारे, आणि जीएमसीत तर निम्मा सिंधुदुर्ग येतो हे तिथल्या ओपीडीच्या लाईनीत उभं राहिलेल्या कोणालाही माहीत आहे. पेडण्यापासून वेर्ण्यापर्यंत लाईन मात्र एकेरी. कोकण रेल्वेवर आतापर्यंत फक्त रोहा-वीर हा टप्पा डबल झालाय, तो रायगडात.

एकेरी लाईनवर लोकल गाडी म्हणजे सगळ्यात खालच्या जातीची गाडी. थिवीला सावंतवाडी-मडगाव पॅसेंजर लूपला (बाजूच्या रुळावर) घातली की डब्यात काय होतं ते पाठ झालंय. पहिली दोन मिनिटं कोणी हलत नाही. मग दारातले दोघे-तिघे वाकून सिग्नल बघतात. कोणीतरी ऑफिसला फोन लावून 'क्रॉसिंगला थांबलोय रे' सांगतो. मग एक एक्सप्रेस धडधडत जाते, सगळे आपापल्या जागी बसायला लागतात, आणि लाल काही हिरवा होत नाही, कारण समोरून अजून एक यायची असते. त्यात पावसाळी वेळापत्रक वेगळं, जूनपासून वेग कमी, दरडीची भीती. पेडण्याचा बोगदा तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, ऑगस्ट २०२० मध्ये आतली भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये पाणी घुसलं, दोन्ही वेळा गाड्या पुण्याकडून नाहीतर आणखी कुठून वळवल्या. एकच ट्रॅक आणि एकच बोगदा असला की त्याला पर्याय नाही.

आणि समजा गाडी वेळेवर पोचली, तर पुढे काय? करमळीला उतरलेली बाई, हातात जीएमसीची प्लास्टिकची फाईल, सोबत म्हातारा नवरा, बाहेर येऊन आधी बस शोधते, मग पायलट (मोटरसायकल टॅक्सी) बघते, पायलटवर तिघं बसत नाहीत, मग टॅक्सीवाल्याला विचारते आणि आकडा ऐकून परत बसच्या बाजूला येते. हे रेल्वेचं काम नाही, हे शंभर टक्के राज्याचं काम आहे. रेल्वे केंद्राच्या यादीत असेल पण बस, रस्ता, स्टँड, टॅक्सीचे दर हे सगळं पणजीतच ठरतं. गाडीच्या वेळेला जोडून बस एवढी साधी गोष्ट, त्याला ना वन्यजीव मंडळाची मंजुरी लागत ना दिल्लीची. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, पेडणे स्टेशन त्याच तालुक्यात, आणि ही दोन्ही ठिकाणं जोडण्याची योजना अजून चर्चेतच फिरतेय.

(मडगावला कोकण रेल्वेने स्कायबस करून बघितली होती ती आठवते का? सप्टेंबर २००४ मध्ये चाचणीत अपघात झाला, एकाचा जीव गेला, आणि मग वर्षानुवर्षं ते खांब तसेच उभे, शेवटी काढून टाकले. आपल्याकडे हवेतली गाडी करून बघितली, जमिनीवरची जोडबस नाही.)

मालाचं काय

इथे आंदोलनवाल्या मित्रांशी माझं थोडं वाजतं. मालगाडी म्हणजे कोळसा असं धरून चाललं की आपलाच माल विसरला जातो. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून ट्रकने येते, फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सकाळी जी स्वस्त भाजी मिळते ती पण तीच. सिमेंट, स्टील, धान्य, कोंबड्या, दूध, फरशी, सगळं अनमोड, चोर्ला नाहीतर हायवे ६६ ने. वेर्ण्याच्या औषध कंपन्यांचा माल कंटेनरने जातो, कंटेनरची मोठी जहाजं न्हावाशेवाला लागतात, मुरगावला कंटेनरचा व्यवहार थोडाच, म्हणजे परत ट्रक आणि परत हायवे. हे ट्रक कमी व्हावेत असं वाटत असेल तर मालगाडी लागणारच.

आणि सोयी अगदीच नाहीत असं पण नाही. बाळ्ळीला कॉनकॉर (कंटेनर वाहतुकीची सरकारी कंपनी) आणि कोकण रेल्वेचं लॉजिस्टिक पार्क आहे. वेर्ण्याला रोरो आहे, १९९९ पासून, कोलाडहून भरलेला ट्रकच सपाट वाघिणीवर चढवतात, ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच झोपतात, सकाळी वेर्ण्याला रॅम्पवरून ट्रक खाली. बघायला मजा येते, एकामागोमाग एक ट्रक वाघिणींवरून चालत पुढे सरकत जातात, चाकांना लाकडाचे ठोकळे, साखळ्या, आणि आता वर विजेची तार आहे म्हणून उंची मोजल्याशिवाय कोणाला चढू देत नाहीत. २०२५ च्या चतुर्थीला हीच कल्पना खाजगी कारसाठी पण आणली, कोलाड ते वेर्णा, एका कारला ७,८७५ रुपये, सुरुवातीला बुकिंग थंडच. दर आणि वेळ बघता मला त्याचं नवल वाटलं नाही, बारा तास लागत असतील तर माणूस आपली गाडी चालवतच येतो. पण ट्रकची रोरो चालते, कारण ट्रकवाल्याला डिझेल, टायर आणि घाट तिन्ही वाचतं. म्हणजे धंद्याला परवडलं की माल रेल्वेवर येतो. मग वेर्णा आणि बाळ्ळी या दोन जागा धरून गोव्याच्या मालाचा हिशोब राज्याने का नाही केला?

राज्याच्या हातात होतं काय

नेहमीचं उत्तर, रेल्वे केंद्राची, आम्ही काय करणार. अर्धं खरं आहे. पण मुरगावला कोळसा उतरवायची संमती राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, आणि त्या संमतीत वर्षाला किती टन हे लिहिलेलं असतं. घाटात किती मालगाड्या चढणार याचा नळ म्हणजे बंदरावरचा तो आकडा, आणि तो नळ पणजीच्या हातात आहे. ग्रीन सेसचा कायदा गोव्याने २०१३ मध्येच केलाय, कोळशासारख्या प्रदूषण करणाऱ्या मालावर कर लावायचा तो. त्या पैशातून कासावलीच्या घरांसाठी आवाज अडवणाऱ्या भिंती, क्रॉसिंगवर पादचारी पूल, धूळ मोजणारी यंत्रं बसवता येतात. आणि शेजारी बघा की. महाराष्ट्राने रेल्वे मंत्रालयाबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत महारेल काढली, कर्नाटकाची के-राईड बेंगळुरूची उपनगरी रेल्वे बांधतेय. २० जून २०२२ ला पंतप्रधानांनी बेंगळुरूत त्या उपनगरी रेल्वेचा पायाभरणी समारंभ केला आणि त्याच कार्यक्रमात कोकण रेल्वेचं विद्युतीकरण देशाला अर्पण केलं. कर्नाटकाने लोकल मागून घेतली होती, आपण मडगावला उभे राहून विजेच्या इंजिनाला टाळ्या वाजवल्या.

आता संधी परत आलीय, म्हणून हे सगळं लिहितोय. कोकण रेल्वे कॉर्पोरेशनकडे डबल ट्रॅक टाकायला पैसा नाही, म्हणून ते भारतीय रेल्वेत विलीन करायचं चाललंय, गोवा, कर्नाटक, केरळ यांनी होकार दिला, महाराष्ट्राने २०२५ मध्ये दिला, पण देताना आपल्या हिश्शाचे साधारण ३९६ कोटी परत द्या आणि कोकण रेल्वे हे नाव ठेवा अशा अटी घातल्या. ६ टक्केवाल्याचं २२ टक्केवाल्यासारखं वजन नसतं हे मान्य. पण मागायला काही खर्च नव्हता. विलीनीकरण झालं की दोन्ही लाईनी एकाच मालकाकडे येतात, माजोर्ड्याच्या दोन्ही बाजूंचं टाईमटेबल पहिल्यांदाच एका टेबलावर मांडता येईल. त्या टेबलावर राज्याने न्यायचा कागद एक पानाचा असला तरी चालेल, फक्त त्यात आकडे हवेत: सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ पेडणे-मडगाव आणि वास्को-कुळे लोकलला पहिला मान, मालगाड्या रात्री पण गावातून जाताना वेग बांधून, दुसरा ट्रॅक आधी पेडणे-वेर्णा, बंदराच्या कोळशाचा टनांचा आकडा राज्याच्या संमतीएवढाच, आणि बाळ्ळी-वेर्ण्याला गोव्याच्या मालासाठी ठरलेल्या रेक, म्हणजे मालगाड्या. मग रेल्वेने नाही म्हणावं, कारण द्यावं, आपण परत विचारावं. विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात आमच्या आमदाराला मी एवढंच विचारायला सांगणार आहे, की हा कागद कुठल्या खात्यात तयार होतोय आणि तो बनवायला कोणाला बसवलंय.